दाखला गावात, मूल फडात : जालना जिल्ह्यातील स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न

दसरा-दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातील घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या आणि त्यांच्यासोबत मुलेही गाडीत चढतात. पश्चिम महाराष्ट्रात किंवा त्याहीपलीकडे कर्नाटकात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम उसाच्या फडाशेजारच्या खोपीत असतो. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये उघडते आणि एप्रिल-मेमध्ये संपते. पहिले सत्र गावात, दुसरे फडात आणि वार्षिक परीक्षा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, अशी या मुलांच्या शिक्षणाची विभागणी झालेली आहे.

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार होती. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७१.५ टक्के, तर स्त्रियांमध्ये ते ६१ टक्क्यांच्या आसपास होते. पावसाच्या भरवशावरची शेती आणि वारंवारचा दुष्काळ यांमुळे येथून माणसे बाहेर पडतात. पण जालना हा नुसता माणसे पाठवणारा जिल्हा नाही. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश आदी राज्यांतून मजूर येतात, जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर बाहेरच्या टोळ्या उतरतात, वीटभट्ट्या आणि बांधकामांवर तर सगळीकडची कुटुंबे असतात. एकाच जिल्ह्यात गावची शाळा ओस पडते आणि शहराच्या कडेला शाळेबाहेरची मुले वाढतात.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. मुलांची या हिशेबात नोंद नसते, काम मात्र असते. नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. मुलगा मोळ्या बांधायला हात लावतो, वाढे गोळा करतो. पहाटे फडात गेलेले आई-वडील गाडी भरून होईपर्यंत परतत नाहीत, त्यामुळे शाळा एक-दोन किलोमीटरवर असली तरी तेथे मुलाला नेऊन सोडणारे कोणी नसते.

कायदा काय सांगतो?

२००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम लागू झाला. स्थलांतरित मुलांच्या बाबतीत या कायद्याची भाषा नि:संदिग्ध आहे. कलम ४ प्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात बसवायचे आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. कलम ५ प्रमाणे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क मुलाला आहे. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला बोलीत सगळे 'टीसी'च म्हणतात, मुख्याध्यापकाने तत्काळ द्यायचा आहे आणि तो आणायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. कलम ९ स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते. कलम १४ सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारू नये, आणि कलम १५ प्रमाणे प्रवेशाची मुदत उलटून गेली तरी दार बंद करता येत नाही. केंद्राच्या २०१०च्या आदर्श नियमांत जन्मदाखल्याऐवजी रुग्णालयातील वा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचे साधे घोषणापत्रही पुरेसे मानले आहे.

आधार कार्डाविषयीही सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात खुलासा केला. शाळाप्रवेश ही शासकीय अनुदानाची बाब नसून मुलाचा हक्क आहे, म्हणून त्यासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही.

म्हणजे कागदाअभावी एकही मूल बाहेर राहू नये. तरीही मुले बाहेर राहतात, आणि त्याचे कारण शाळेच्या दारापेक्षा कार्यालयातल्या पटात अधिक सापडते.

पटाचे गणित

शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते आणि संचमान्यतेचा आधार ३० सप्टेंबरचा पट हा असतो. ऊसतोडीचे मूल त्या दिवशी गावात असते. नोव्हेंबरमध्ये ते फडाजवळच्या शाळेत गेले तर त्या शाळेला त्याच्यामुळे जादा शिक्षक मिळत नाही. उलट मार्चमध्ये ते निघून गेल्यावर गळतीची नोंद पदरी येते. गावच्या शाळेचा हिशेब याच्या उलट आहे. मुलाचे नाव दुसरीकडे गेले तर पट घटतो, आणि लहान शाळेत एका-दोन नावांवर एक शिक्षकपद टिकत असते. म्हणून दाखला मागायला कोणी आले नाही तर गावची शाळा तो आपणहून देत नाही, आणि दाखल्याशिवाय आलेल्या मुलाला यजमान शाळा 'बसू दे' म्हणते, पण पटावर घेत नाही. दोन्ही मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे; ते नियमाने चालतात.

विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर आल्यानंतर हा पेच सुटेल अशी अपेक्षा होती. राज्यात २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली, पुढे केंद्राच्या 'यू-डायस प्लस' वर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. आता मुलाचा प्रवास पडद्यावर दिसू शकतो. मात्र जुन्या शाळेने नोंद मोकळी केल्याशिवाय नव्या शाळेला ती घेता येत नाही, आणि संचमान्यतेसाठी आधार-वैध विद्यार्थी मोजण्याचे धोरण आल्यापासून ज्याच्या आधारवरील नावात वा जन्मतारखेत चूक आहे ते मूल वर्गात असून मोजणीत नसते. न्यायालयाने प्रवेशाच्या दारातून काढलेला आधार पटाच्या खिडकीतून परत आला, असे म्हणावे लागते.

त्यात आणखी एक भर पडली आहे. आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याचे मूळ धोरण २०१९च्या केंद्रीय दुरुस्तीने सैल झाले, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात राहावे लागते. दुसरे सत्र फडात काढून आलेल्या मुलासमोर हा प्रश्न एप्रिलमध्ये उभा राहतो, आणि पाचवीत दुसऱ्यांदा बसण्यापेक्षा कोयता धरणे घरच्यांना सोयीचे वाटू शकते.

साखरशाळा ते हंगामी वसतिगृह

या प्रश्नावरील पहिला मोठा प्रयोग साखरशाळांचा. २०००च्या दशकाच्या पूर्वार्धात 'जनार्थ' या औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) संस्थेने कारखान्यांच्या तळांवर हंगामापुरत्या शाळा चालवल्या. मुले जिथे जातात तिथे शाळा न्यायची, ही कल्पना साधी होती आणि उपयोगी पडली. शिक्षण हक्क कायद्यानंतर मात्र प्रत्येक मूल नियमित शाळेतच असले पाहिजे, असा आग्रह आला. अनौपचारिक वर्गांना जागा उरली नाही आणि साखरशाळा हळूहळू मागे पडल्या. तत्त्व बिनचूक होते, परंतु कारखान्याच्या तळावर त्यांची जागा घेणारे काही उभे राहिले नाही.

दुसरा मार्ग उलट दिशेचा : आई-वडील जाऊ देत, मूल गावातच ठेवायचे. जालना, बीड आदी जिल्ह्यांत समग्र शिक्षा अभियानाखाली आणि त्यापूर्वी सर्व शिक्षा अभियानाखाली चाललेली हंगामी वसतिगृहे याच विचारातून आली. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. अनेक ठिकाणी हे वसतिगृह म्हणजे इमारत नसून सकाळ-संध्याकाळचे जेवण असते. मूल रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे झोपते. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत तिथे ही सोय चांगली चालते. ज्या घरात आजीच खोपीत भाकऱ्या थापायला गेली आहे तिथे चालत नाही. वाढत्या वयाच्या मुलीला एकटी मागे ठेवायला तर कोणतीच आई सहज तयार होत नाही, आणि हे भय लवकर लग्नापर्यंत जाऊन पोहोचते. निधीचा प्रश्नही आहेच. टोळी निघते त्या दिवशी भोजन सुरू झाले नाही तर मूल गाडीत बसते, आणि गेलेले मूल पंधरवड्याने मंजुरी आली म्हणून परतत नाही.

शिक्षकांच्या पातळीवर 'बालरक्षक' ही चळवळ २०१७च्या सुमारास राज्यभर उभी राहिली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धतही रूढ झाली, ज्यावर त्याची इयत्ता आणि प्रगती लिहिलेली असते. जुलै २०२२ मध्ये शासनाने 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' ही शोधमोहीम राबवली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांचे उद्दिष्ट असून पहिल्या टप्प्यात जालन्यातील अंबड व घनसावंगी या तालुक्यांचा समावेश होता.

नागरिकत्वाची अट नाही

शिक्षण हक्क कायद्यातील 'बालक' या शब्दाची व्याख्या सहा ते चौदा वयाची मुले अशी आहे. 'नागरिक' हा शब्द त्यात नाही, घटनेच्या अनुच्छेद २१-अ मध्येही नाही. अमेरिकेत या विषयावरचा गाजलेला निकाल १९८२ मधील. टेक्सास राज्याने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांचा शालेय खर्च देणे बंद केले होते आणि टायलर येथील शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर शुल्क मागितले. पाच विरुद्ध चार मतांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. आई-वडिलांच्या वर्तनाचा भार मुलांवर टाकता येत नाही, हा त्यामागचा विचार होता. भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने, मुलांनी आधी शाळांकडे प्रवेश मागावा आणि नाकारल्यास उच्च न्यायालयात जावे, अशी भूमिका घेतली.

जालन्याच्या फडातील मुलाचे नागरिकत्व कोणी विचारत नाही. पण कागदांविषयीचा संशय वाढला की त्याची झळ ज्याच्याकडे कागद नाहीत अशा प्रत्येकाला लागते. जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत, आणि जन्म जिथे झाला तिथे करायची असते. वर्ष उलटले तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. बनावट दाखल्यांच्या तक्रारींमुळे जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि उशिराच्या नोंदींचे निकष कडक केले.

खोपीत वा वाटेत जन्मलेल्या बाळाची नोंद परक्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत करायला थांबणे म्हणजे मजुरी बुडवणे, त्यामुळे ती अनेकदा राहून जाते. कलम १४ आजही कायम आहे, आणि दुरुस्तीही. या दोहोंचा मेळ मुख्याध्यापकाने कसा घालायचा हे लवकरच ठरवावे लागेल, कारण दुरुस्तीनंतर जन्मलेली पहिली मुले जून २०२९च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येतील.