देवडीवरचा पहारेकरी

शिवनेरी चढतांना एकामागून एक सात दरवाजे लागतात. गडावर शिबंदी कितीही बलाढ्य असो. देवडीवरचा पहारेकरी झोपला, तर दरवाजा उघडत नाहीं आणि आंतलें बळ आंतच राहतें. विजेच्या मोटारीची रचना अशीच आहे. जुन्नर-आंबेगांवकडील अशा गाडीच्या मालकास एक कोडें पडण्याजोगें आहे : धाकटी बॅटरी नवी कोरी बसविली, तरी मोठ्या बॅटरीच्या इषाऱ्याचा दिवा कां लागावा? याचें उत्तर शोधण्यास थोडें इतिहासांत गेलें पाहिजे.

शिशाची, पुन्हां भरतां येणारी बॅटरी फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं सिद्ध केली. पुढें १८९९ मध्यें बेल्जियमच्या जेनात्झीनें ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्याच मोटारींत. पेट्रोलची गाडी तेव्हां हातानें दांडा फिरवून सुरू करावी लागे. दांडा उलटला, तर मनगट मोडे. १९१२ मध्यें केटरिंगनें योजिलेली विजेची चालना कॅडिलॅक गाडींत आली आणि शिशाच्या बॅटरीनें तें संकट दूर केलें. विजेची मोटार मागें पडली, त्याला स्वस्त पेट्रोलाप्रमाणें हेंही एक कारण झालें. जिनें तिला घालविलें, तीच बॅटरी आज तिच्या देवडीवर उभी आहे!

आपल्याकडे बंगलोरची रेवा २००१ मध्यें आली. २०२० मध्यें विजेची नेक्सॉन आली, ती आंबेगांवच्या शेजारीं, शिरूर तालुक्यांतील रांजणगांवीं बनूं लागली. अशा गाडींतील लिथियमची मोठी बॅटरी तीनशें व्होल्टांच्या घरांतली असते. गाडी बंद असतां तिची वाट मोठ्या स्विचांनीं तोडलेली असते, आणि ते स्विच जोडण्याचा हुकूम देणारे नियंत्रक धाकटीच्या बारा व्होल्टांवर चालतात. गाडी जागी झाली, कीं मोठी बॅटरी परिवर्तक यंत्रामार्फत धाकटीला भरीत राहते.

धाकटी क्षीण झाली, कीं नियंत्रकांचें परस्परांशीं बोलणें तुटतें आणि जो तो आपापल्या दफ्तरीं तक्रार नोंदवितो. पहारेकरी नवा आला, तरी दफ्तर जुनेंच राहतें. तेव्हां दिवा लागला म्हणजे मोठी बॅटरी गेलीच, असें नव्हे.

म्हणून निदान क्रमानें करावें. दोषांचे आंकडे पुसण्यापूर्वीं लिहून ठेवावे. पुसला गेलेला पुरावा परत मिळत नाहीं. मग जोडण्या घट्ट व स्वच्छ आहेत कीं नाहींत, नवी बॅटरी कारखान्यानें सांगितलेल्या जातीची आहे कीं नाहीं, हें पाहावें. कांहीं गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद यंत्रानें करावी लागते, तीही झाली असावी. पुढें व्होल्टमापक लावावा. कांहीं तास स्वस्थ असलेली निरोगी शिशाची बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. गाडी चालण्यास सज्ज झाली, कीं आंकडा बहुधा १३.५ ते १४.५ पर्यंत चढतो. चढला नाहीं, तर परिवर्तकाकडे संशय न्यावा. नाहीं तर नवी बॅटरीही लवकरच उतरेल. हें सर्व ठीक ठरल्यावर जाणत्याकडून नोंदी पुसून घ्याव्या. जी तक्रार परतत नाहीं, ती जुनी समजावी. जी परतते, ती खरी.

मात्र इषारा तांबडा असेल, किंवा वीजरोधनाच्या दोषाचा असेल, तर गाडी चालवूं नये. आणि नारिंगी आवरणाच्या तारांना तर घरीं कोणीच हात लावूं नये. तेथें चूक जिवावर बेतते.

जुन्या नोंदीला भिऊन लाखांचा खर्च ओढवून घेणें हा एक अनर्थ. बॅटरी नवी आहे म्हणून खऱ्या इषाऱ्याकडे डोळेझांक करून माळशेज घाटाची वाट धरणें हा त्याहून मोठा. पहारेकऱ्याची हांक ऐकल्यावर ती आजची कीं कालची, एवढें विचारून घेणें, हाच शहाणपणा होय.