मुदत नसलेला ब्लॉक : बॅकअपसाठी थांबण्याचा इतिहास

बॅकअपचा इतिहास आपण सहसा टेप आणि डिस्कपासून सांगतो. आम्हाला तो बँकेच्या बंद काउंटरपासून सुरू झालेला दिसतो. गिरगाव-दादरच्या शाखांत लेजर हातानं लिहिली जायची, तेव्हा वार्षिक हिशेबासाठी व्यवहार थांबवावेच लागत. कारण साधं आहे. शिल्लक उतरवून घेता घेता कुणी पैसे काढले, तर एका पानावर ते गेलेले आणि दुसऱ्या पानावर अजून जमा. दोन्ही पानं आपापल्या जागी खरी, ताळेबंद मात्र खोटा.

संगणक आल्यावर हे थांबणं रात्रीवर गेलं. काउंटर बंद, डे-एंड झाला, की टेपवर नक्कल. पण १९८७ साली मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं आणि पुढं रात्रही मोकळी राहिली नाही. आता चालू यंत्राचीच नक्कल घ्यायची होती.

यावर उत्तर निघालं ते फाइलसिस्टीम गोठवण्याचं. मेमरीत अडकलेलं सगळं डिस्कवर उतरवायचं, नवं लिखाण दारातच थोपवायचं, स्नॅपशॉट घ्यायचा आणि दार उघडायचं. सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएसमध्ये ही सोय होती. २००९च्या लिनक्स २.६.२९पासून ती इतर फाइलसिस्टीमनाही मिळाली. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे काम आतला एजंट करतो, बाहेरच्या यजमान यंत्राच्या सांगण्यावरून.

आता मुंबईकराला पटेल अशी गोष्ट बघा. रविवारचा मेगाब्लॉक जाहीर होतो तेव्हा तो किती वाजता संपणार हेही सांगितलेलं असतं. विंडोजनं तसंच केलं: शॅडो कॉपीसाठी लिखाण फार तर १० सेकंद अडवायचं. लिनक्सच्या फ्रीजला अशी मुदतच नाही. मुदत घालायची सूचना आली होती, ती स्वीकारली गेली नाही. आमच्या मते तिथंच घोडं अडलं.

कारण कधी कधी एक फाइलसिस्टीम दुसरीच्या पोटात, एका फाइलमध्ये राहत असते. सीपॅनेलच्या कित्येक सर्व्हरवर तात्पुरत्या फाइलींचा कप्पा असाच असतो. बाहेरची आधी गोठली, की आतली आपलं उरलेलं लिखाण टाकणार कुठं? ती दाराशी उभी, तिच्यासाठी एजंट उभा, आणि दार उघडायचा हुकूमही त्याच एजंटच्या हाती. म्हणून क्यूईएमयूचा एजंट माउंटच्या उलट क्रमानं गोठवतो, आणि तेवढा वेळ स्वतःचा लॉगही लिहीत नाही. मांडणी गुंतागुंतीची असली की तेही पुरत नाही.

परळच्या एखाद्या रुग्णालयात रात्री दोनला असं झालं, तर सर्व्हर पिंगला उत्तर देत राहतो, म्हणजे देखरेखीच्या पडद्यावर सगळं हिरवं. आणि वॉर्डात सिस्टरनं भरलेली औषधाची नोंद काही केल्या सेव्ह होत नाही.

पुष्कळ ठिकाणी मग फ्रीज बंदच करून टाकतात. तेव्हा मिळते ती नक्कल वीज अचानक गेलेल्या यंत्रासारखी असते. चांगला डेटाबेस आपल्या जर्नलवरून त्यातून सावरतो. सगळेच सावरतात असं नाही. आम्ही फ्रीज ठेवण्याच्या बाजूचे आहोत, पण पहारा ठेवून. बॅकअपच्या वेळी एक रूट टर्मिनल आधीपासून उघडं असू द्यावं आणि त्यावरून बाहेरच्या फाइलसिस्टीमचा फ्रीज हातानं सोडवावा. अडकल्यावर नव्यानं लॉगिन करायला जाल, तर लॉगिनलाही आपली नोंद डिस्कवर लिहायची असते.