पोवाडा : कवन आणि पुरावा



इतिहासाच्या वर्गात हटकून विचारला जाणारा एक प्रश्न मी आज विषय म्हणून घेतला आहे : पोवाडा खरा मानावयाचा की नाही?

सिंहगडाचेच उदाहरण पाहू. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला हा किल्ला फेब्रुवारी 1670 मध्ये तानाजी मालुसरे यांनी प्राण वेचून परत मिळविला. त्या प्रसंगावरील तुळशीदासाचा पोवाडा महाराष्ट्रभर गाजला. घोरपडीच्या आधाराने कडा चढल्याची कथा आपल्याला पोवाड्याने दिली. सभासदाच्या बखरीत तिचा मागमूस नाही. तेथे मावळे वानरांप्रमाणे कडा चढून गेले, एवढेच आहे. जिजाऊ व शिवराय यांचा सोंगट्यांचा डावही पोवाड्यातलाच. एवढ्यावरून काही विद्वान शाहिराला खोटा ठरवून मोकळे होतात. मला हा न्याय उतावळेपणाचा वाटतो.

शाहीर दप्तर लिहावयास बसलेला नव्हता. तो चार-पाचशे माणसांपुढे उभा राहून गात होता. हातात डफ, साथीला तुणतुणे व झांज, आणि मागे ‘जी जी जी’ करून सूर उचलून धरणारे झीलकरी. ओळी लांबआखूड असतात. मध्येच गाणे थांबून गद्य निवेदन सुरू होते, पुन्हा डफ कडाडतो. झीलकऱ्यांच्या त्या सुरामुळे शाहिराला श्वास घेण्यास व पुढचा चरण आठवण्यास उसंत मिळते. शेवटी कवी आपले नाव गुंफतो. कागदावर ही रचना ओबडधोबड दिसते, याचे कारण ती कागदासाठी नव्हतीच. सोंगट्यांचा डाव किंवा घोरपड ही श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रसंग उभा करण्याची साधने होत.

अफजलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा (प्रसंग 1659 चा) उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. गोंधळ्यांनी मुखोद्गत राखलेली ही कवने ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ग्रंथरूपाने छापली, पुढे य. न. केळकरांनी ते कार्य नेटाने वाढविले. तत्पूर्वीच, 1869 मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवरायांवर पोवाडा रचून कुणब्याच्या बाजूने इतिहास सांगितला होता. अण्णा भाऊ साठे यांनी तर स्तालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. नायक बदलले, डफ तोच राहिला.

आपल्या सीमाभागात आणखी एक गंमत आहे. मराठीत लावणी म्हटले की शृंगार आठवतो. कन्नडमध्ये मात्र वीरकथा सांगणाऱ्या गीतालाही लावणीच म्हणतात. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने अशी कन्नड कवने मिळवून ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध केली. त्यांत मुधोळजवळच्या हलगलीच्या बेडरांचे कवन आहे. 1857 मध्ये हत्यारे काढून घेण्याच्या कायद्याविरुद्ध ते उठले होते. कंपनी सरकारच्या कागदोपत्री असे लोक बंडखोर म्हणून नोंदले जातात; त्यांना नायक म्हणणारा साक्षीदार शाहीरच.

तेव्हा पोवाड्याला तारीख विचारू नये, ती पत्रांत शोधावी. एखाद्या मृत्यूचे लोकांना काय वाटले, हे मात्र पत्रे क्वचितच सांगतात. त्या प्रश्नापुरता मी तुळशीदासाला सभासदाच्या शेजारीच बसवितो. आपल्या नंदगड येथे 1831 मध्ये फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाची कन्नड लावणीही मी त्याच पंक्तीला ठेवतो.