दिव्यांग प्रौढ संतती आणि घरभाड्याचे साहाय्य (ब्रिटन)
आईवडिलांच्या भाड्याच्या घरात राहणारा कमावत्या वयाचा मुलगा किंवा मुलगी भाड्याला हातभार लावते, असे ब्रिटिश कल्याणव्यवस्था गृहीत धरते. प्रत्यक्षात पैसा दिला जातो की नाही, हे ती पाहत नाही. २०१३ पासून लागू झालेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये २१ वर्षे पूर्ण झालेल्या अशा प्रत्येक व्यक्तीमागे आईवडिलांच्या भाडेसाहाय्यातून ठरावीक रक्कम कापतात, २०२४-२५ मध्ये ती दरमहा ९१.४७ पौंड होती.

दिव्यांग संततीला यातून सूट आहे, पण ती अपंगत्वाला नव्हे, विशिष्ट भत्त्याला जोडलेली आहे. ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’चा दैनंदिन जीवनाचा भाग मिळत असेल तर कपात होत नाही. फक्त हिंडण्याफिरण्याचा भाग मिळत असेल तर होते. म्हणजे व्हीलचेअरवरचा, पण स्वतः जेवू-नाहू शकणारा बेरोजगार तरुण सुटत नाही. ही रेघ अन्यायकारक आहे. आईवडिलांपैकी कुणाला तसा दैनंदिन भाग मिळत असल्यासही कपात टळते.

जुन्या ‘हाउसिंग बेनिफिट’मध्ये नियम अधिक कडक आहे: तेथे संततीचा हा भत्ता उत्पन्नात धरत नाहीत, पण केवळ त्याच्या आधारे कपातही टळत नाही.

‘युनिव्हर्सल क्रेडिट’ घेणाऱ्या घरात फेरतपासणीनंतर मुलाचा दैनंदिन भाग बंद झाला, तर घराला दुहेरी फटका बसतो. मुलाचा भत्ता जातो आणि इतर सूट लागू नसल्यास आईवडिलांचे भाडेसाहाय्यही घटते.