बोरघाटाचा रस्ता

ज्या बोरघाटातून आज मोटारी खंडाळ्याच्या थंड हवेला, कार्ल्याच्या लेण्यांना वा लोहगडाला सहज जाऊन पोहोचतात, तो एकेकाळी लादलेल्या बैलांचा, भोयांच्या खांद्यांवरील पालख्यांचा आणि पायी वाटसरूंचाच मुलूख होता. 1804 मध्ये जनरल वेलस्लीने येथे तोफा नेण्याजोगी वाट करविली ती लष्करी निकडीपायी. चाकांच्या गाड्यांना खरा राजमार्ग लाभला तो 1830 मध्ये, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. पुढे 1863 मध्ये रेल्वेही घाट चढली.

परंतु या घाटाचा इतिहास सर्वांत जिवंत आहे तो, माझ्या मते, शिंग्रोबाच्या देवळापाशी. इंग्रज अभियंत्यांना ही दुर्गम वाट दाखविणारा धनगर म्हणून लोककथा ज्याचे स्मरण करते, त्याच्या समोर येताच ट्रकचा चालक वेग आवरतो, एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने खिडकीतून नाणे टाकतो आणि तोच हात कपाळाला लावून पुढे जातो. माल्कमसाहेबांच्या वाट्याला असा नमस्कार आला नाही, आणि ते मला न्याय्यच वाटते. जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, आणि ज्या अनाम मजुरांनी हा कातळ फोडला, त्यांनाही हात जोडावेत.