दूरचित्रवाणीचा जनक कोण?

प्रत्येक शोधाला एकच जनक असावा, असा आपला आग्रह असतो. दूरचित्रवाणीच्या बाबतीत तो टिकत नाही. सच्छिद्र फिरत्या तबकडीने चित्राचे विघटन करण्याची कल्पना जर्मनीत पॉल निपकोव्ह यांनी १८८४ मध्ये मांडली. त्याच तत्त्वाच्या आधारे जॉन बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये हलती चित्रे दाखविली. तबकडी वगळून, केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, फायलो फार्न्सवर्थ यांनी ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एक रेषा पडद्यावर आणली.

व्लादिमिर झ्वोरिकिन यांचा पेटंट-अर्ज मात्र १९२३ चा होता आणि पुढे त्यांच्या पाठीशी बलाढ्य आरसीए कंपनी उभी राहिली. पेटंट कार्यालयातील वादात फार्न्सवर्थ यांचे शालेय शिक्षक जस्टिन टॉलमन यांनी साक्ष दिली, की १९२२ मध्येच या विद्यार्थ्याने आपल्याला ही कल्पना आकृती काढून समजावली होती. निर्णय फार्न्सवर्थ यांच्या बाजूने लागला. त्याचा मुख्य आधार ही साक्ष नव्हे, तर अर्जांतील तांत्रिक वर्णन हा होता. १९३९ मध्ये आरसीएला फार्न्सवर्थ यांच्या पेटंटांसाठी परवाना घ्यावा लागला.

माझ्या मते इतिहासकाराने येथे एक जनक न ठरविता वंशावळ मांडावी. त्या वंशावळीत, पंधरा वर्षांच्या मुलाचे म्हणणे मनावर घेणाऱ्या शिक्षकालाही स्थान असावे.