छापखाना आणि चळवळीची वर्षगणना

स्वतःचे वृत्तपत्र असल्याखेरीज बहिष्कृत समाजाला वाचा फुटणार नाही, हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरंभीच ओळखले होते. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला पैसे मोजूनही जागा मिळत नाही, हा त्या नकाराचा अर्थ होय.

3 एप्रिल 1927 रोजी सुरू झालेला ‘बहिष्कृत भारत’ 15 नोव्हेंबर 1929 पर्यंत चालला. अंकाचे चोवीस चोवीस रकाने संपादकास एकट्याने भरावे लागत, असे बाबासाहेबांनीच नमूद केले आहे. लेखक नाहीत, वर्गणीदार थोडे आणि वाचकांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नाही, अशा स्थितीत हे पत्र चालले. 24 नोव्हेंबर 1930 रोजी ‘जनता’ निघाले व 4 फेब्रुवारी 1956 रोजी त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. या पत्रांच्या पाठीशी दादरच्या गोकुळदास पास्ता मार्गावरील भारत भूषण छापखाना उभा होता. त्यालाच पुढे बुद्ध भूषण हे नाव मिळाले. भैयासाहेब यशवंतराव आंबेडकरांनी त्याचे काम पाहिले.

छापखाना म्हणजे केवळ यंत्र नव्हे. खिळे जुळवणारे हात, प्रूफ तपासणारे डोळे, उधारीवर मिळालेला कागद आणि वेळेवर आलेली वर्गणी या चौघांवर तो चालतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो, शाई लवकर वाळत नाही. यंत्रे बदलली तरी लहान प्रकाशकाची ही चिंता सरलेली नाही.

मात्र धम्मक्रांतीनंतर त्याच्या वर्षाला एक नवीन क्रम लाभला. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात विहाराविहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. अशोक विजयादशमीस दीक्षाभूमीवर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर आणि 14 एप्रिलला वस्तीवस्तीत पुस्तके विकली जातात. नायगाव-परळच्या चाळींतील वाचकही तेथेच येतो आणि खेड्यातून आलेला माणूसही भाकरीच्या फडक्याबरोबर एखादी पुस्तिका बांधून नेतो. मोठ्या दुकानांच्या फळीवर ज्याला स्थान नाही, त्या प्रकाशकाचा वर्षभराचा हिशेब या दिवसांवर उभा असतो.

25 जून 2016 च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन व छापखान्याची वास्तू पाडण्यात आली. त्याविरुद्ध 19 जुलै 2016 रोजी मुंबईत मोठा मोर्चा निघाला. वास्तूविषयीचा तो संताप रास्तच होता. परंतु वास्तू राखावी तसे छापील कागदही राखावे लागतात. 1990 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने काढले. ते अंक कोणीतरी ट्रंकेत, माळ्यावर जपून ठेवले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने एक कपाट लहान प्रकाशकांच्या पुस्तकांसाठी ठेवावे, दरवर्षी काही प्रती रोख मूल्य देऊन घ्याव्यात आणि जुन्या अंकांची नोंदवही करावी. रोख विकलेल्या प्रतीतूनच पुढच्या पुस्तकाचा कागद येतो.